न उघडलेली यादी

कुणी पासवर्ड टाकायला लागलं की भाऊ मान वळवायचे. नुसती नजर नाही, अख्खी मान, खुर्चीसकट. लिफ्टमध्ये शेजारच्याने मोबाइल उघडला तरी हे छताकडे बघत उभे. एटीएमच्या रांगेत पुढच्या माणसाकडे पाठ करून उभे राहायचे, त्यामुळे मागच्याला वाटायचं, हे आपल्यालाच काही विचारतायत. "जेवढं लागते तेवढंच पाहावं," एवढंच त्यावर स्पष्टीकरण.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचे भाऊ मूळचे यवतमाळकडचे, पन्नाशीला टेकलेले, हिंजवडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत वयाने सगळ्यांत मोठे. मी शनिवार पेठेतला, म्हणजे बोललो की समोरच्याला टोचणारच. आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. त्या टेबलाशी बसून भाऊ वर्षभर कॅन्सरने आजारी होते आणि मला पत्ता नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत हसत सांगायला मला जमणार नाही.

आमचं कामही त्यांच्या स्वभावाला साजेसं होतं. शहरातल्या तीन रुग्णालयांना जाणून घ्यायचं होतं की कॅन्सरचे किती रुग्ण तिन्हीकडे जाऊन आलेत. माणूस एका डॉक्टरवर थांबत नाही. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं मत घेतो आणि मग एकच रुग्ण तीनदा मोजला जातो. पण एका रुग्णालयाने दुसऱ्याला नावं दाखवायची नाहीत, ही अट. यावरची युक्ती भाऊ नव्या मुलांना अशी समजावायचे: प्रत्येकाने आपल्या यादीतल्या प्रत्येक नावाला आपलं कुलूप लावायचं आणि यादी पुढच्याकडे द्यायची, त्याने त्यावर आपलं कुलूप लावायचं. तिन्ही कुलपं लागली की एकाच माणसाचं नाव तिन्ही याद्यांत सारखंच दिसतं, पण ते कुणाचं, हे कोणालाच वाचता येत नाही. जुळतील तेवढी मोजायची. बाकीच्यांकडे बघायचंही नाही.

त्याच वर्षी पहिल्यांदा हे सगळं चालवलं तेव्हा आकडा आला एकेचाळीस. मला तो जास्त वाटला. म्हणून याद्या पुन्हा मागवल्या, तेव्हा एका रुग्णालयातल्या कारकुनाने घोळ घातला. कुलूप न लावलेली, नावानिशी यादी त्याने थेट मला मेल करून टाकली. मी म्हटलं, बरं झालं, एकच नाव दोनदा भरलंय का तेवढं तरी तपासू. उघडणार, एवढ्यात भाऊंचा हात माझ्या माउसवर.

"खोडा ते."

"अहो भाऊ, दोन मिनिटं. आपल्या ओळखीचं कोण निघणार आहे त्यात?"

"नाही निघत, तर मंग पाहता कायले?"

त्यांनी मेल खोडला, खोडलेल्या मेलांतूनही पुसला, आणि रुग्णालयाला फोन करून कुलपं लावलेली नवी यादी मागवली. आकडा तोच आला. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. माझ्या मते हा माणूस नियमापायी वेडा झाला होता.

दर तीन आठवड्यांनी भाऊ गुरुवार-शुक्रवार सुट्टी घ्यायचे. आमच्यातल्या एकाने डोळे मिचकावत विचारलं, "वहिनींना घेऊन खडकवासल्याला का?" भाऊ म्हणाले, "हं, तसंच समजा." मग काय, दर वेळी सोमवारी मी विचारणार, "काय भाऊ, धरणात पाणी किती?" एकदा ते डोक्याचा तुळतुळीत गोटा करून आले. मी म्हटलं, "तिरुपती वाटतं? मग लाडू कुठायत?" ते हसले. दुसऱ्या दिवशी डब्यातून बुंदीचे लाडू घेऊन आले. मी दोन खाल्ले आणि वर तूप कमी पडल्याचा शेरा मारला. आज तो शेरा आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आमच्याशी ते खोटं कधी बोलले नाहीत. खोटं आम्हीच तयार करून द्यायचो, ते फक्त 'नाही' म्हणायचे नाहीत.

एके दिवशी "गावी जाऊन येतो" म्हणून गेले. तीन आठवड्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर भाऊ कॅन्सरने गेल्याचा निरोप आला.

पुढे दोन महिन्यांनी वहिनी त्यांचं सामान न्यायला आल्या. एक स्वेटर, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली. मी त्यांना याआधी कधी पाहिलं नव्हतं. कँटीनमध्ये चहा घ्यायला बसवलं आणि विचारायचं म्हणून विचारलं, इलाज कुठे चालू होता? त्यांनी एकेक करत तीन रुग्णालयांची नावं घेतली. आमची तीच तीन.

"पहिल्याच महिन्यात तिन्हीकडे दाखवून झालं होतं. तिघांनीही एकच सांगितलं," वहिनी म्हणाल्या.

म्हणजे त्या एकेचाळिसांत भाऊ होते. ती यादी उघडली असती तर त्यांचं नाव मला दिसलं असतं. मग मी त्यांना एकटं जाऊ दिलं नसतं, असं मला वाटतं. पण त्यांना ते आवडलं असतं का? ती यादी उघडायला हवी होती की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

"तुमच्याच शेजारी बसत होते ना ते?" वहिनी म्हणाल्या. "तुमचे लय उपकार हायेत आमच्यावर."

"माझे?"

"घरी सासूबाई अंथरुणाले खिळलेल्या, मले निघता येत नव्हतं. हे म्हणायचे, तू काऊन घोर करते, तो असते ना संग. सलाईन लागली का सहा-सहा घंटे जवळ बसून राहते. पेठेतला माणूस आहे, तोंडानं तिखट, पण सोडून जात नाही."

भाऊ एकच खोटं बोलले, आणि ते माझ्याबद्दल. मी एकदाही गेलो नव्हतो. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खिडकीपाशी ते दिवसभर सुई टोचून घेऊन बसायचे, मला माहीत नव्हतं. खरं काय ते सांगावं असं वाटलं, पण वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही. तिथे ते एकटे नव्हते, एवढाच वहिनींना आधार होता.

"काय बोलत होते हो तिथं?" त्यांनी विचारलं.

"कामाचंच," मी म्हणालो. "मी आपली चेष्टा करायचो अधूनमधून."

"मंग? हसत होते?"

"हो वहिनी. हसायचे."

तेव्हा कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.