अव्वाचा डावा हात

माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. लिंगपूजा झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. ताप असो की लग्नघाई, आधी गळ्यातली चांदीची डबी उघडायची, इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, मग चहा. मी चिडवायचे, "अगं, देवाला तरी चहा विचार की!"

तिचं आतडं फुटलं आणि शुक्रवार पेठेतल्या घरातून थेट आयसीयू गाठावं लागलं. ऑपरेशन झालं. तोंडात नळी, श्वास मशीनवर. अंगावरचं सगळं उतरवून माझ्याकडे दिलं, त्यात ती डबीही. आम्हा लिंगायतांत लिंग जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत. पण तेव्हा कोण कुणाशी भांडणार?

दुखू नये म्हणून पंपातून औषध जायचं आणि ती झोपून राहायची. सकाळी औषध कमी करून जाग येते का बघायचे. जरा जाग आली की डावा हात छातीकडे. "आजी नळी ओढत्यात," म्हणत सिस्टरनं हात पट्टीनं कॉटला बांधला, औषध वाढवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नळी न्हाय ओ, लिंग शोधतीया ती!"

सिस्टरनं डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, आता आशा नाही. जागं करू, पण लई दुखेल त्यांना."

"दुखू द्या. एकदा हातात लिंग तरी देते."

औषध कमी झालं. सिस्टरनं पट्टी सोडली, लिंग स्पिरिटनं पुसून दिलं. मी ते सुजलेल्या तळहातावर ठेवून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "नोडव्वा," बघ गं, म्हणून कानडीत सांगितलं. तिनं बघितलं. बोटं मिटली. माझ्या जिवात जीव आला.

मग तिचं कपाळ आक्रसलं. नळीमुळं ओरडताही येईना, नुसतं डोळ्यांतून पाणी. नजर लिंगावरून सुटली आणि पंपाकडे गेली. सिस्टर त्याला हात लावते की दुखणं थांबतं, एवढं तिला कळलं होतं. माझ्याकडे बघायची, परत पंपाकडे. पूजेआधी कधी पाणी न मागणारी माझी अव्वा, हातात लिंग असताना औषध मागत होती.

देवाचा असा संताप आला मला! "झोपवा ओ तिला," मी म्हटलं.

बोटं सैल पडली. लिंग निसटायला लागलं, तसं सिस्टरनं त्याच पट्टीनं ते तळहाताशी बांधलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर जाग बघायला आले. अव्वा जिवंत होती. मीच म्हटलं, "नको, राहू द्या."