संगं कोन बसते?

गेल्या महिन्यात मी अकोल्याहून दोन सीटांची, बरीच वर्षं उभी असलेली जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली आणि थेट नांदगाव पेठच्या रस्त्यावर माझ्या नेहमीच्या मेकॅनिककाकांच्या गॅरेजात नेली. माझ्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेल्या, पण गाडीचं कौतुक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. बॉनेट उघडण्याआधी ते नेहमी एकच विचारतात, "संगं कोन बसते?"

"मुलगी," मी म्हणालो. "रविवारी सेमाडोहला जायचंय."

"या रविवारी नाई."

गाडी अकोल्याहून जराही कुरकूर न करता आली होती, त्यामुळे मी चिडलोच. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या चाकाजवळचा ब्रेकचा रबरी पाइप काढला आणि माझ्यासमोर वाकवला. वरून काळाकुळकुळीत दिसणारा तो पाइप वाळल्या शेंगेसारखा तडकला.

"उभ्या गाडीचं रबर आधी मरते," ते म्हणाले.

पुढे पंधरा दिवस ते धडधाकट दिसणारा एकेक पाइप बदलत राहिले. मी रोज चक्कर मारायचो आणि ते मान वर करायचे नाहीत.

शेवटच्या दिवशी गेलो तेव्हा बाजूच्या सीटला कोरा बेल्ट लागला होता. माझ्या सीटचा ते अजून बसवत होते.

"चालवणार मी आणि आधी तिकडचा काहून?" मी हसत विचारलं.

ते हसले नाहीत. "तुमाले धराले स्टेरिंग हाय," ते म्हणाले. "तिले काय हाय?"