शेवंताबाईंचा विषय

सरांनी माझ्या प्रबंधाचा विषय काढून घेऊन दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला. केबिनमध्ये मी आधी घासाघीस केली, मग तावातावाने भांडलो. बाहेर बाकावर माझ्या पेशंट शेवंताबाई फुटाणे खात होत्या, मी जबड्यात कृत्रिम दाताचं इम्प्लांट बसवलेली बाजू सोडून. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, दात पक्का हाय, पण चावताना जोर किती लागतो ते कळंना." "होईल सवय," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं आणि तीच तक्रार सरांपुढे माझा विषय म्हणून ठेवली. चोरीला गेलेलं मुळात आपलं होतं का, हे भांडताना आठवत नाही.

"अजून सवय न्हाई झाली बघा," त्या हसून म्हणाल्या. माझी मान खाली गेली. सरांनी मला जाब द्यायलाच हवा. पण त्याआधी शेवंताबाईंना तो मी द्यायला हवा.