मशीन वाढव
चूक माझी होती आणि मी ती माझ्या हाताखालच्या मुलीवर ढकलली. परवा बाजारात एक दुकानदार फळ्या लावताना "दुकान वाढवतंय आता" म्हणाला आणि २००९ सालचं मालवणातलं माझं दोन खोल्यांचं ऑफिस आठवलं. खिडकीतून सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास येई. आम्ही सहाजण इथे बसून अमेरिकेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर प्रोग्राम लिहीत होतो, आणि त्यावरची सगळी मांडामांड त्या मुलीने तीन आठवडे खपून केली होती. तो सर्व्हर बंद केला की आतलं सगळं पुसलं जाई. एके दुपारी त्याची ताकद कमी पडू लागली, तेव्हा फोन कानाला असतानाच मी तिला म्हटलं, "मशीन वाढव." ती किराणा दुकानदाराची लेक. तिच्या घरी वाढवणं म्हणजे बंद करणं. "दादा, नक्की वाढवू?" "वाढव गो, कितीदा इचारतलंस!" मी नक्कल काढून ठेवली असणार असं समजून तिने सर्व्हर बंद केला. नक्कल काढायचं काम माझंच होतं, आणि ते राहून गेलं होतं. गिऱ्हाइकाला मात्र मी फोनवर, तिच्यासमोरच, सांगितलं, "नवीन मुलगी आहे, न विचारता बंद केलं तिने." दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही. काल मी मसुऱ्याला तिच्या सासरी गेलो. तिने पाणी आणून दिलं. ते न पिताच मी म्हटलं, "चूक माजी होती गो, तुजी न्हय. त्या दिवशी फोनवर मी खोटा बोललंय. माका माफ कर."