बुडालेल्या सोसायटीकडचा दावा

वेळणेश्वरच्या खडकांवर आमची होडी फुटली आणि पाचच महिन्यांत आमची मच्छीमार सोसायटीही बुडाली. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. सोसायटीचा होडी-विमा निधी होता. सगळे दरवर्षी त्यात वर्गणी भरत. बाबांची भरपाई मंजूर झाली होती, फक्त हातात यायची होती. तेवढ्यात रत्नागिरीहून नोटीस आली. सोसायटी मोडीत काढायला सरकारने अवसायक नेमला होता, सर्वांनी आपले दावे पुराव्यासह त्याच्याकडे पुन्हा मांडायचे होते.

पावत्या आणि पंचनामा आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीकडे दिले होते आणि तो मुंबईला निघून गेला होता. होडी फुटताना मोडलेला बाबांचा पाय अजून प्लास्टरमध्ये. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटीच, म्हणून मीच रत्नागिरी गाठली.

"कागद नाहीत, तर होडी फुटताना पाहिलेला साक्षीदार आणा," अवसायकाच्या कचेरीतला कारकून म्हणाला. "सोमवार शेवटचा."

पाहणारा एकच होता. आमच्या शेजारचा तांडेल, स्वतःची होडी चालवणारा. जाळी टाकायच्या जागेवरून त्याचं नि बाबांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. त्या दिवशी त्यानेच बाबांना पाण्यातून ओढून काढलं, तरी दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते.

मी त्याच्या अंगणात जाऊन सोमवारच्या साक्षीचं विचारलं.

"बापसानं पाठवलान तुला?"

"नाही. त्यांना ठाऊकसुद्धा नाही."

तो जाळं विणत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दोन रात्री मला झोप नव्हती.

सोमवारी पहाटे तवसाळच्या धक्क्यावर तो माझ्याआधी येऊन बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. लाँचने खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि रत्नागिरीच्या एसटीत बसलो.

अवसायकांनी एकच प्रश्न विचारला. "बंदरावर वादळाच्या धोक्याचा बावटा लागल्यावर होडी नेली होती का? तसं असेल तर दावा बाद."

 सात वर्षांचा राग काढायला याला एक शब्द पुरे होता.

"बावटा मागाहून लागला," तो म्हणाला. "मी पण तेव्हा समुद्रातच होतो. लिहून घ्या, अंगठा देतो."

परतताना लाँचवर त्याने विचारलं, "पाय कसा आहे त्याचा?"

घरी मी सगळं सांगितलं.  बाबा म्हणाले, "त्याला जेवायला नाही थांबवलंस?"

दावा मान्य झाला. पण आधी सोसायटीच्या नोकरांचे पगार, मग आमच्यासारखे दावेदार, तेही उरलेल्यातून वाटणीप्रमाणे. तीन वर्षांनी मंजूर रकमेच्या निम्म्याहून कमी पैसे मिळाले. त्यातून बाबांनी एक जुनी, लहान होडी घेतली. तिचा विमा काढायला मात्र ते तयार होईनात. आईने आठवडाभर भांडून त्यांना सरकारी विमा कंपनीत पाठवलं.