हाळातली नाव

समस्त तापीकाठच्या जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गुरांच्या पाणी प्यायच्या हाळात एके काळी एक नाव तीन दिवस न बुडता तरंगत होती. तिचा शोधकर्ता मी. पुढचे सांगतो, पण हसायचे नाही.

साठ सालाच्या आगेमागे मी गावात शाळामास्तर होतो. बायकोला सातवा लागलेला. पहिले बाळंतपण माहेरी, आणि माहेर तापीपल्याड. लांबच्या गाडीवाटेचे हिसके नकोत असे सुईणीने बजावलेले, गावची जुनी नाव गळकी. बायको दिवेलागणीला ओट्यावर बसून पल्याडचे दिवे बघत राही. ते मला बघवेना.

मी नाव बांधायला घेतली. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाटाचे तीन थर, थराथरात डांबर. आधी हातभर नमुना केला, हाळात सोडला, आत विटांचे तुकडे बेताने रचले. तीन दिवसांत थेंब शिरला नाही.

नावाडीबाबा बिडी ओढत म्हणाले, "मास्तर, हाळमा पानी हालत नही."

"गणितही हालत नाही, बाबा!"

नमुन्याच्या दहापट लांब नाव झाली. निघायच्या दिवशी बायको मधोमध गादीवर बसली. बाबांनी नाव रेटली, तोच काठावरून आई ओरडली, "थांब रे भो! पोरनी दीठ काढानी ऱ्हायनी!"

मीठमोहऱ्या मुठीत घेऊन ती गुडघाभर पाण्यातून नावेत चढली. सासूने दृष्ट काढली, मग आम्ही का नको, म्हणून मागोमाग काकू, आत्या, शेजारणी. सगळ्या एकाच बाजूने. कर्रर्र! बांबू मोडले आणि केळीचे सोपट सुटावे तसे गोणपाट थराथराने सुटले.

मी बायकोकडे झेपावलो. पण आईने सुनेला कवेत धरले होते. गादी भिजली, बाकी दोन्ही जीव सुखरूप.

नावाडीबाबा माझ्या सासूला आणायला म्हणून गळकी नाव पाण्यात लोटत म्हणाले, "इन्ही मायलेच आठे लई येस."

मी फाटके गोणपाट हातात घेऊन पुटपुटलो, "पण विटा तर जागच्या हलल्या नव्हत्या..."

ओलीचिंब बायको कित्येक दिवसांनी खदखदून हसली.

"आहो, त्या इटास्नी दीठ काढाले कोनी येल व्हतं का!"