मामीला बोट लागली नाही

माझ्या मामीला गाडी लागते ही गोष्ट आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होती. कुठल्या सहलीचं ठरलं की माणसं मोजताना मामीला आधीच वगळायचे. लग्नकार्य परगावी असलं की ती घर सांभाळायची, आणि आम्ही परत आलो की दारातच विचारायची, "बसा आधी. कोण कोण आलं होतं? नवरीनं काय घातलं होतं?" मग आम्ही सांगायचो आणि ती हातातली सुई न थांबवता ऐकायची. ती घरी पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून द्यायची.

यात थट्टेची बाजू अशी, की मामा बसचा ड्रायव्हर. घाटातल्या लांबच्या फेऱ्या करणारा, गाडीवर हात बसलेला माणूस. नवीन लग्न झालेलं असताना त्यानं मोठ्या हौसेनं मामीला आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं होतं. पहिला चढ संपायच्या आत तिनं गाडी थांबवायला लावली. उतरली, तोंड धुतलं, आणि उताराच्या वाटेनं चालत घरी परत आली. त्यानंतर ती त्या गाडीत कधी चढली नाही, आणि मामानंही आग्रह केला नाही. संध्याकाळी डेपोतून आला की हातपाय धुऊन जेवायला बसायचा, आणि दिवसभरात रस्त्यात काय झालं ते मामी त्याच्याकडून काढून घ्यायची.

मामा निवृत्त झाला तेव्हा माझ्या मामेभावानं ठरवलं, आईबाबांना कुठेतरी पाठवायचं. मामानं हात जोडले. म्हणाला, जन्मभर रस्ते बघितले, आता मला खुर्ची आणि वर्तमानपत्र पुरे. त्यावर आत भांडी आवरत असलेली मामी बाहेर आली, पदराला नाही, चक्क मामाच्या टॉवेलला हात पुसत म्हणाली, "मला त्या पांढऱ्या जहाजातून जायचंय."

आमचं गाव बंदराचं. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती जहाजं तिला दिसायची, हे आम्हाला माहीत होतं. ती त्यांच्याकडे बघत असेल, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मामेभाऊ जरा अडखळला. म्हणाला, आई, तुला गल्लीच्या तोंडापर्यंत रिक्षा सोसत नाही आणि तू समुद्रावर काय करणार? मामी म्हणाली, "लागली तर लागली. घरी बसून काही लागत नाही, पण काही दिसतही नाही."

चार दिवसांच्या सफरीची तिकिटं काढली. मामेभावाला सुट्टी मिळेना, म्हणून सोबतीला मला धाडलं.

निघायच्या दिवशी आम्ही बंदरावर चालत गेलो. मामा पुढे दोन्ही बॅगा ओढत, मागे मी, आणि मधे मामी, हातात लिंबू, खांद्यावरच्या पिशवीत आणखी लिंबं, गोळ्या, ओवा आणि घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा. टॅक्सीवाले आमच्याकडे बघत होते. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पोटात काही नसलं म्हणजे बाहेर काय येणार, असा तिचा हिशोब.

आत मोठ्या शेडमध्ये रांगा होत्या. बॅगा तिथेच काढून घेतल्या. त्या संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतील असं सांगितलं, तेव्हा मामा अस्वस्थ झाला. त्याच्या गाडीत सामान टपावर चढवलं की तो स्वतः दोरी ओढून बघायचा. आमचे फोटो काढले, प्रत्येकाला एक कार्ड दिलं. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र. मामीनं तिचं कार्ड लगेच रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं आणि मग दर दहा पावलांवर कुणीतरी ते मागायचं.

खोल्या तयार व्हायच्या होत्या, म्हणून आलेल्या सगळ्यांना वरच्या मजल्यावर जेवायला पाठवत होते. काचेच्या भिंतींचं मोठं दालन, खाली सगळं बंदर. लांबच लांब टेबलांवर भाज्या, मासे, भाजलेलं मांस, पाव, फळं, केक. हवं ते, हवं तितकं आपल्या हातानं घ्यायचं. मामाचे डोळे विस्फारले. हॉटेलवर गाडी थांबली की प्रवासी परत चढायच्या आत जेवण संपवायची त्याची सवय, आणि इथे तर कुणी अडवणारच नव्हतं. त्यानं ताट भरलं, संपवलं, परत भरलं. मामी समोर बसून लिंबाचा वास घेत होती. मी तिच्यापुढे पाव सरकवला तर म्हणाली, "जहाज हलू दे आधी." जहाज तेव्हा धक्क्याला बांधलेलं होतं, हातभर जाड दोरांनी. मामानं तिसऱ्यांदा केक आणला. मी हळूच म्हटलं, मामा, बेतानं. तो म्हणाला, अगं, मी घाटात जेवून घाट उतरलेला माणूस आहे.

दुपारी भोंगा झाला. संकटात कुठं जमायचं याची तालीम होती. सगळ्यांना आपापल्या होडीच्या आकड्याखाली उभं केलं आणि एका मुलीनं नारिंगी जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. लोक हसत होते, फोटो काढत होते. मामा मात्र ताठ उभा होता, शाळेच्या प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा. बाजूच्या दोघांना त्यानं गप्प बसायला लावलं. मामी त्याच्याकडे बघत होती. नंतर मला म्हणाली, कामावर हे असे दिसत असतील.

मग जहाज सुटलं. आम्ही कठड्याशी उभे होतो. धक्का आणि जहाज यांच्यामधलं पाणी रुंद व्हायला लागलं तसा मामाचा उजवा पाय नकळत दाबला जाऊ लागला. ब्रेक शोधत होता. गाडी कोण चालवतंय, मागे बघायला माणूस आहे का, वळायला एवढी जागा पुरते का, सगळं त्यानं मला विचारलं, जसं काही मी तिथली क्लीनर होते. बंदराची भिंत ओलांडली आणि पहिली लाट जहाजाखालून गेली.

ते डोलणं मोठं नव्हतं. पण ते थांबेना. जिन्याच्या कठड्यांना कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसू लागल्या. आम्ही डेकवरच्या खुर्च्यांवर बसलो. मामीनं लिंबू नाकाशी धरलं, एक पिशवी उलगडून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि वाट बघत बसली. मीही तिच्याकडे बघत बसले. बराच वेळ गेला. तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. म्हणाली, "काही होत नाहीये गं."

तेवढ्यात तिच्या पलीकडून मामाचा बारीक आवाज आला. "अगं, ती पिशवी जरा इकडे दे."

मामा हळदीसारखा पिवळा झाला होता. तिन्ही वेळचा केक, मासे, सगळ्यांनी एकदमच परतीचा रस्ता धरला. त्याला धरून खोलीपर्यंत नेईस्तोवर माझंही डोकं गरगरायला लागलं. खोली म्हणजे दोन पलंग, वर भिंतीला दुमडलेला तिसरा, एक गोल खिडकी आणि पाऊल टाकण्यापुरती जागा. मामा एका पलंगावर आडवा, मी दुसऱ्यावर. मधे उभी राहून मामी आम्हा दोघांना लिंबं कापून देत होती, ओवा देत होती, कपाळावर ओला रुमाल ठेवत होती. तिनं घरून आणलेलं एकूण एक औषध कामाला आलं. पायाखालची जमीन हलत होती आणि ती गुडघे जरासे वाकवून इतकी सहज फिरत होती, की जणू इथेच वाढली.

संध्याकाळी जेवणाची वर्दी झाली. खाली मोठ्या दालनात, नेमून दिलेल्या टेबलावर, चांगले कपडे घालून जायचं होतं. बॅगा दाराशी आल्याच होत्या. मामीनं या जेवणासाठी निळे कपडे स्वतः शिवले होते. तिनं ते बाहेर काढले, बघितले आणि परत घडी घालायला लागली.

मामानं रुमालाखालून विचारलं, "काय करतेयस?"

"तुम्हाला असं टाकून कुठं जाऊ? आणि एकटी जाऊन बसू का तिथं? हॉटेलात मी कधी एकटी चहासुद्धा प्यायले नाही."

"सकाळपासून उपाशी आहेस. जा," मामा म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून, "इतकी वर्षं मी जायचो आणि तू घरी थांबायचीस. आज मी थांबतो. जाऊन ये आणि मला सांग."

मामी गेली.

ती परत आली तेव्हा आम्ही दोघंही जागे होतो. ती पलंगाच्या कडेला बसली, गाल लाल, आणि आम्हाला पहिल्यापासून सांगायला लागली. दालन अर्धं रिकामं होतं, कारण अर्धं जहाज आमच्यासारखं झोपलं होतं. टेबल सहाजणांचं, पण तिच्याखेरीज दोघीच आलेल्या. फुलांचं दुकान चालवणाऱ्या दोन बहिणी, दोघींनी मिळून एकच चष्मा आणलेला, तो आलटून पालटून लावत होत्या. वेटर गोल चेहऱ्याचा, माझ्या मामेभावाच्या वयाचा. ताटं घसरू नयेत म्हणून त्यानं टेबलक्लॉथवर पाणी शिंपडलं. सूप अर्धीच वाटी वाढलं, सांडू नये म्हणून, आणि मग अर्धी वाटी आणखी आणून दिलं.

मेनूमधलं तिला काहीच कळेना. तिनं वेटरला सरळ विचारलं, बाबा, तुझी आई आली असती तर तिला काय दिलं असतंस? तो हसला आणि कार्ड घेऊन गेला. मग सूप आलं. मासा आला, लोण्यातला. भाजलेलं मांस आलं, इतकं मऊ की सुरी लावावी लागली नाही. "आणि मी बसलेली हं. एकदाही उठले नाही. मीठ हवं होतं तर उठायला गेले, तर तो धावत आला." शेवटी गरम चॉकलेट ओतलेलं आइस्क्रीम. ते तिनं दोनदा घेतलं. आज खाणारे कमी आहेत मावशी, तुम्ही खा, असं तोच म्हणाला.

चॉकलेटचं नाव निघताच मामानं डोळे मिटून घेतले, पण तिला थांबवलं नाही.

"बोललीस का कुणाशी?" मी विचारलं.

बोलली होती. बहिणींनी यजमान काय करतात विचारलं, आणि मामीनं सुरू केलं. दरड कोसळून गाडी घाटात अडकली तेव्हा मामानं प्रवाशांना गाणी म्हणायला कसं लावलं. मेंढ्यांच्या कळपात गाडी कशी शिरली आणि पुढच्या थांब्यावर एक मेंढी आतूनच कशी उतरली. गाडीत बाई अडली तेव्हा मामानं पुरुषांना खाली उतरवून, पाठ फिरवून कसं उभं केलं, आणि मुलगी झाल्यावर स्वतःच कसा रडला. वेटर हातात बशा घेऊन ऐकत उभा होता. बहिणींपैकी एकीनं विचारलं, तुम्ही तेव्हा गाडीतच होता का?

"मी म्हटलं, नाही हो. मी त्या गाडीत एकदाच बसले, तीही पहिल्या चढापर्यंत." मामीनं मामाच्या कपाळावरचा रुमाल उलटून ठेवला. "धाकटीनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाल्या, उद्या ड्रायव्हरसाहेबांना घेऊन या."

मामानं हात पुढे केला. मामीला वाटलं पिशवी हवीय, म्हणून तिनं पिशवी दिली. तिनं ती दिलेली बघून मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवला. मामानं सुके टोस्ट खाल्ले, दाढी केली आणि संध्याकाळी आमच्यासोबत खाली आला. बहिणींनी खुर्च्या सरकवल्या, वेटरनं त्याला वाकून नमस्कार केला. मामा गोंधळला. ती बाळंतिणीची गोष्ट सांगा ना, असा आग्रह झाला. मामानं पाणी प्यायलं आणि सांगितली. म्हणाला, "बाई अडली होती. मग गाडी थांबवली. मुलगी झाली. पुढे दवाखान्यात सोडलं." आणि पाव तोडायला लागला.

दोन्ही बहिणी मामीकडे वळल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मामा घरी येऊन एवढंच सांगत असणार. पाऊस होता का, बाई कुणाची, तुम्ही कुठं उभे होता, रडलात का, हे सगळं मामीनं रोज एकेक प्रश्न विचारून त्याच्याकडून वसूल केलेलं. मामी हसली आणि म्हणाली, "अहो, पुरुषांना खाली कसं उतरवलंत ते सांगा." मामानं सांगितलं. "आणि तो छत्रीवाला?" मामाला छत्रीवाला आठवला. असं तिनं त्याला बोट धरून सगळ्या गोष्टीतून नेलं, आणि शेवटी मामाच हातवारे करून बोलायला लागला. त्याचं सूप थंड झालं. त्याला सूप थंड होईपर्यंत थांबताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर गाडी मामीला पूर्वीसारखीच लागते, त्यात तसूभर फरक नाही. पण जहाजावर ती दोघं त्यानंतर तीनदा जाऊन आली. दर वेळी पहिल्या संध्याकाळी मामा आडवा होतो आणि मामी निळे कपडे घालून एकटी जेवायला जाते. मामेभावानं कानामागे लावायची पट्टी आणून दिली, ती मामा घरीच विसरतो. गेल्या खेपेला मी पुन्हा बरोबर होते. समुद्र तळ्यासारखा निपचित होता, ग्लासातलं पाणी हलत नव्हतं, तरी मामा पलंगावर रुमाल घेऊन पडलेला. मामी गेल्यावर मी त्याला विचारलं, मामा, खरंच लागलीय का?

"तुला काय करायचंय?" तो म्हणाला. "दार लाव, आणि वरून माझ्यासाठी काहीतरी खायला घेऊन ये. तिला दिसू नकोस."